झोपडीचं भाडं आणि समुद्राची दिशा

घरचा सत्यनारायण होतो, जेजुरीच्या पायऱ्यांवर नवरा नवरीला उचलून घेतो, मागून मित्र शिट्ट्या मारतात. दोन्हीकडच्या मामा-मावश्यांची जेवणं उरकतात आणि मगच नव्या जोडप्याला हनिमूनचा हिशेब मांडायला सवड मिळते. तोवर हॉल, केटरर आणि दागिन्यांनी तिजोरीचा तळ दाखवलेला असतो. तरी समुद्र हवाच असतो, तोही अलिबागचा नको. अशा वेळी मराठी घरांत हटकून निघणारं नाव म्हणजे अंदमान. पासपोर्ट लागत नाही, हिंदीवर भागतं आणि विमान उतरतं ते वीर सावरकरांच्या नावाच्या विमानतळावर. त्यामुळे सेल्युलर जेल दाखवून आजोबांनाही गप्प करता येतं.

पॅकेजवाल्याच्या फोटोंत मात्र बेटाचा पत्ता नसतो. पांढरी चादर, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस. ही खोली अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर असेल तशीच लोणावळ्यालाही असू शकते. हॅवलॉकवर खोलीचं मोल ठरतं ते खोलीबाहेर. समुद्र कोणत्या अंगाला आहे, पाणी कधी येतं-जातं, जेट्टी किती लांब, हे ज्याला कळलं त्याला साध्या झोपडीतही चैन करता येते.

हॅवलॉकला २०१८ पासून सरकारी कागदांत स्वराज द्वीप म्हणतात. स्वस्त आणि उबदार मुक्काम मिळतो तो त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरच्या पट्ट्यात. लोक या किनाऱ्यांना नंबरांनी ओळखतात: तीन नंबर, पाच नंबर. १९५०च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी मिळाल्या आणि त्यांनी नारळ-सुपारीच्या बागा उभ्या केल्या. आज त्यांतल्या कितीतरी बागांत हट उभ्या आहेत. बांबूच्या तट्ट्यांची भिंत, वर पंखा, पलंगावर मच्छरदाणी, समोर बोटभर ओसरी आणि दोन माडांना बांधलेला झोपाळा. गुहागर-श्रीवर्धनच्या माणसाला वाडीत शिरताच आजोळी आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलातल्या माशाचा वास येतो.

एकाच आवारात भाड्याचे दर निराळे असतात. समुद्राच्या तोंडाशी असलेली एसी कॉटेज महाग, तर मागे सुपारीच्या सावलीतली पंख्याची हट बरीच स्वस्त. पाणी दोघींपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. फक्त तट्ट्याच्या भिंतीची एक अडचण आहे. शेजारचा खोकला ती अडवत नाही, म्हणजे इकडचं कुजबुजणंही तिकडे जातं. म्हणून दोन हटींमध्ये अंतर किती, हे आधी विचारावं. नव्या जोडप्याला एसीपेक्षा त्या अंतराची गरज जास्त.

पूर्व किनाऱ्याची खरी गोम ओहोटीत आहे. सकाळी ओसरीसमोर हिरवंनिळं पाणी पाहून खूश झालेलं जोडपं दुपारी पोहायला निघतं, तर समुद्र पार लांब गेलेला आणि मधे खडक, प्रवाळाचे तुकडे, गुडघाभर डबकी. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात पाणी फार मागे हटतं, भांगाच्या दिवसांत कमी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित बंगालच्या उपसागरात जसंच्या तसं चालत नाही. तिथं मालकालाच विचारायचं, “दादा, पानी कब आएगा?” भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे एकदा वेळ कळली की पुढच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो.

पोहायचं तर पश्चिमेचं राधानगर. उंच समुद्रमोहाच्या झाडांमागे पसरलेली ही पांढरी वाळू ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून निवडली आणि तिथल्या मुक्कामाचे भाव चढले. खिसा बघून निघालेल्यांनी राहावं पूर्वेला आणि राधानगरला स्कूटरवर जावं. जेट्टीपासून अंतर सुमारे १२ किलोमीटर. मात्र घड्याळ मुंबईचं असलं तरी सूर्य मुंबईचा नाही. डिसेंबरात तिथं पाचच्या आसपास सूर्यास्त होतो. चारचा चहा रेंगाळत घेतला तर सूर्यास्त हुकलाच.

लग्नाच्या मुहूर्तांचा आणि या समुद्राचा मेळ बऱ्यापैकी जमतो. चातुर्मासात लग्नं नसतात, नेमका तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा बेटांना झोडपत असतो. घोळ होतो तो मेमधल्या लग्नांचा. मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानला पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा हटींचे दर उतरतात, पण बोटींचा भरवसाही उतरतो. तुळशीच्या लग्नानंतर लगेच निघालेल्यांनाही बंगालच्या उपसागरातली वादळं गाठू शकतात. डिसेंबर २०१६ मध्ये हवामान बिघडून बोटी बंद पडल्या, शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकले आणि त्यांना आणायला नौदलाने जहाजं पाठवली. म्हणून अनुभवी माणसं परतीच्या विमानाआधीची रात्र विमानतळ असलेल्या पोर्ट ब्लेअरलाच (आताचं श्री विजयपुरम) काढतात. अबर्डीन बाजाराच्या आसपासचं साधं लॉज त्या रात्रीला पुरतं; हनिमूनचे पैसे तिथं घालवायचे नसतात.

ज्यांना झोपडीपेक्षा पक्कं छप्पर हवं, त्यांच्यासाठी सरकारी निवासस्थानं आहेत, हॅवलॉकला ‘डॉल्फिन’ आणि नीलला ‘हवाबिल नेस्ट’. फर्निचर सरकारी वळणाचं, पण डॉल्फिनची जागा मात्र विजयनगरच्या ऐन किनाऱ्यावर.

आणि नील, म्हणजे आताचं शहीद द्वीप, हा हॅवलॉकहून निवांत पर्याय. बेट सपाट आणि सायकलने फिरण्याइतकं लहान. अंदमानला भाजी पुरवणारी शेतं इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. उगवतीला सीतापूर, मावळतीला लक्ष्मणपूर, पोहायला जेट्टीजवळचं भरतपूर. एकाच किनाऱ्यावरच्या महागड्या खोलीत अडकून पडण्यापेक्षा मधल्या गावातली, वांग्या-काकडीच्या शेताला लागून असलेली खोली घ्यावी. भाड्यात वाचलेल्या पैशांतून दोन सायकली येतात, भरतपूरला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघता येतात आणि रात्री ताज्या सुरमईवर ताव मारून झाल्यावर बिल कोण देणार, यावरून संसारातलं पहिलं भांडणही करता येतं.