चांदोबाच्या गाडीचा थांबा

मुलांनो, चंद्रावर जायची गाडी कुठून सुटते, ठाऊक आहे? अमेरिकेच्या नकाशात उजवीकडे खाली शेपटीसारखं लोंबणारं फ्लोरिडा राज्य शोधा. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरिट बेटावर, केनेडी अंतराळ केंद्र आहे. चला, तिथल्या पर्यटकांच्या बसमध्ये बसू या. खिडकीजवळची जागा पकडा हं!

पहिली गंमत म्हणजे हे सगळं अभयारण्य आहे! रस्त्याकडेच्या चरांत मगरींचे भाऊबंद, म्हणजे अ‍ॅलिगेटर, ऊन खात पडलेले असतात. उत्तरेच्या खाडीचं नावच मुळी मॉस्किटो लगून, म्हणजे डासांची खाडी. आणि या दलदलीत मधेच 160 मीटर उंचीची इमारत उभी! रॉकेटं जोडतात ती हीच.

बस थांबते सॅटर्न-5 रॉकेटच्या दालनाशी. ते अगडबंब धूड पाहून झालं की जरा छताकडे बघा. चार पायांचं, कोळ्यासारखं एक यान टांगलंय. खरंखुरं, पण चंद्रावर जायचं राहून गेलेलं. अशी यानं बांधायचं काम 1962 मध्ये ग्रुमन कंपनीनं चढाओढीत मिळवलं होतं. बांधणार कंपनी, मालक मात्र नासा.

आता तसं नाही. यान कंपनीचंच, नासा फक्त भाडं भरणार. आपण एसटी विकत घेतो का? तिकीट काढतो, तसंच.

एप्रिल 2021 मध्ये हे काम इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सला मिळालं, 289 कोटी डॉलरना. जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनची मागणी होती 599 कोटींची. नासाला खरं तर दोघं हवे होते, पण संसदेनं तेवढे पैसेच दिले नाहीत. झालं! ब्लू ओरिजिननं तक्रार ठोकली. नासाला काम थांबवावं लागलं. जुलैत बेझोस म्हणाले, 200 कोटींपर्यंत सूट देतो. मंडईतली घासाघीसच की! तक्रार फेटाळली गेली, मग कोर्ट. तिथंही नोव्हेंबरात हार झाली.

पण मला विचाराल, तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एकच गाडी ठेवली आणि तीच रखडली तर? अंतराळवीरांनी काय करायचं? मे 2023 मध्ये नासानं ब्लू ओरिजिनलाही 340 कोटींचं काम दिलं. स्पेसएक्सचं यान सुमारे 50 मीटर उंच, त्यातून उतरायला लिफ्ट लागेल. ब्लू ओरिजिनचं सुमारे 16 मीटर. छताला टांगलेलं ते? अवघं 7!

आता समुद्राकडे पाहा. तो 39-ए उड्डाणतळ. जुलै 1969 मध्ये अपोलो-11 इथूनच सुटलं. 2013 मध्ये या तळासाठीही हेच दोघे भांडले होते, आणि 2014 पासून तो स्पेसएक्सकडे भाड्यानं आहे. दक्षिणेला साधारण 16 किलोमीटरवर ब्लू ओरिजिनचा 36 क्रमांकाचा तळ. तोही काही कमी मानाचा नाही बरं! चंद्रावर अलगद उतरलेलं अमेरिकेचं पहिलं यान, सर्व्हेयर-1, 1966 मध्ये तिथून उडालं होतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये नासाच्या प्रमुखांनी जाहीर केलं, की स्पेसएक्सला उशीर होतोय, तेव्हा चढाओढ पुन्हा खुली करू. दोघांकडूनही लवकर पोचायचे बेत मागवले.

परतताना प्रवेशद्वाराबाहेर ब्लू ओरिजिनचा भलामोठा कारखाना लागतो. तो बघा जरूर, पण चरातल्या अ‍ॅलिगेटरला खाऊ टाकू नका. तिथं तो गुन्हा आहे!