दुबईच्या खाडीवर कोकणची पेटी

दुबईला जाऊन बुर्ज खलिफावर न चढता परत आलेली आमच्या मोहल्ल्यातली मी बहुधा पहिलीच. भावजय अजून त्यावरून चिडवते. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये, रमजान ईद होऊन आठवडा झाल्यावर मी गेले ती इमारती पाहायला नव्हेच. मला खाडी पाहायची होती. अब्बा १९७४ साली दुबईला गेले, बंदरावर पेट्या मोजून वहीत मांडायचं काम करत राहिले आणि १९९८ मध्ये कायमचे घरी आले. या चोवीस वर्षांत आम्ही त्यांना सुट्टीच्या महिन्यांपुरतंच पाहिलं. बाकीचे अब्बा आमच्यासाठी पत्रात होते, आणि प्रत्येक पत्रात खाडी होती.

खाडीच्या एका काठाला देरा आणि दुसऱ्या काठाला बर दुबई. मधून लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम. शेजारी पंजाबी सुतार, समोर मल्याळी नर्स, कडेला एक अरब म्हातारा आणि कोपऱ्यात मी, सगळे एकाच बाकावर. पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ लागतो. दुबईत एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत असेल असं मला वाटत नाही.

देऱ्याच्या बाजूला अजूनही लाकडी गलबतं लागतात. धक्क्यावर टायर, फ्रीज, तांदळाच्या गोणी उघड्यावरच रचलेल्या होत्या. एका गलबतावरच्या खलाशाशी भावाने हिंदीत बोलणं काढलं. गडी कच्छमधल्या मांडवीचा निघाला. माल सोमालियाला जाणार होता. "तुम्ही कुठले?" त्याने विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर तो हसला, "मग तुमचेही कोणी दर्यावर असणारच." होतेच. आमचे आजोबा फत्तेमारीवर खलाशी होते. जाताना लाकूड, कौलं न्यायची, येताना खजूर आणायचा.

आजकाल भारत आणि संयुक्त अरब अमिरातीच्या मैत्रीबद्दल बोलताना लोक सुरुवात कराराच्या सहीपासून करतात. ते मला जरा खटकतं. दुबईत १९०९ साली टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची, आणि तिकिटंही आपलीच होती. आखातातले मोती विकायला मुंबईत येत, गलबतांना लागणारं सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई आणि बाजारात रुपया चाले. दुबईहून सोनं चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरत असे, हे कोकणात कोण नाकारील? त्या सोन्यापायी रुपया बाहेर वाहू लागला, तेव्हा १९५९ साली आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिथल्या राज्यांनी त्या नोटांचाही नाद सोडला. अमिराती हा देश १९७१ च्या डिसेंबरात जन्मला आणि दिरहम १९७३ मध्ये आला. म्हणजे आजोबा तिकडे रुपया खर्च करून आले आणि अब्बा तिकडून दिरहम कमावून आले.

मी मीना बाजारात भाचीसाठी कापड घेतलं, तर दुकानदाराने पुढे छापील कोड सरकवला आणि म्हणाला, इंडियाचं यूपीआय असेल तर चालेल. मोबाइलवर रुपये वळते झाल्याचा संदेश आला तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. २०२३ च्या जुलैमध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी रुपया आणि दिरहममध्ये थेट व्यवहार करण्याचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात अबुधाबीच्या कच्च्या तेलाचे दहा लाख पिंप आपल्या इंडियन ऑइलने रुपये मोजून घेतले.

त्याआधीची मोठी गोष्ट म्हणजे १८ फेब्रुवारी २०२२ ला झालेला व्यापार करार. त्याच्या वाटाघाटी अवघ्या ८८ दिवसांत संपल्या. १ मे २०२२ पासून तो लागू झाला आणि भारतातून जाणाऱ्या मालापैकी मूल्याने सुमारे ९० टक्के मालावरची जकात पहिल्याच दिवशी शून्यावर आली. तिकडे बहुतेक मालावर ५ टक्के जकात असे. २०२१-२२ मध्ये दोन्ही देशांत सुमारे ७३ अब्ज डॉलरची देवघेव झाली होती, २०२४-२५ मध्ये ती १०० अब्जांवर गेली. यात आपण पाठवतो त्यापेक्षा आणतो बरंच जास्त. तेल आणि सोनं असल्यावर दुसरं काय होणार? देऱ्याच्या सोनेबाजारात हे डोळ्यांनी दिसतं. भारतात घडलेल्या दागिन्यांवरची ५ टक्के जकात गेली, तर तिकडून येणाऱ्या सोन्यावर आपण ठरावीक वजनापर्यंत एक टक्क्याची सूट दिली. करारातलं हे पान सराफांनी पहिल्या दिवशीच पाठ केलं. आंब्याचं पान मात्र आमच्याकडे कोणी उघडलंसुद्धा नव्हतं.

माझ्या जाण्याचं खरं कारण हेच होतं. धाकटा भाऊ तिथे बारा वर्षं एका गोदामात हिशेबनीस आहे. आता त्याच्या डोक्यात आलंय की नोकरी सांभाळून आपल्याच तालुक्यातला आंब्याचा गर, कोकम आगळ आणि आंबापोळी मागवून विकावी, जम बसला की नोकरी सोडावी. अम्मीने मला बजावून पाठवलं होतं, "तू डोळ्यांनी बघून ये. पोराचे पैसे बुडायचे नाहीत ना?"

पैसे एकदा बुडाले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आदल्या वर्षीची पहिली खेप मुंबईतल्या एका एजंटाने पाठवली होती. डब्यावरची मुदतीची तारीख आणि कागदावरची तारीख जुळेना. माल अडकला आणि शेवटी टाकून द्यावा लागला. अम्मीला त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

"आपा, जकात कमी झाली हे खरं," तो म्हणाला, "पण आपली अडचण जकातीची कधी नव्हतीच." मग त्याने सगळं समजावलं. प्रत्येक खाद्यपदार्थाची दुबई म्युनिसिपालिटीकडे नोंद करावी लागते. लेबलवर अरबी मजकूर हवाच. कराराची सवलत हवी तर माल भारतातच तयार झाल्याचं मूळ-प्रमाणपत्र हवं, आणि ते प्रत्येक खेपेला नव्याने काढायचं. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसं असतात. आमच्या गावात गर काढणारा कारखानदार स्वतः सकाळी बॉयलर पेटवतो आणि रात्री पेट्या चिकटवतो. त्याने हे कधी करायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला अल अवीरच्या फळबाजारात नेलं. तिथे हापूस म्हणून जे मांडलं होतं त्यातल्या निम्म्या पेट्या मला देवगडच्याही वाटल्या नाहीत आणि रत्नागिरीच्याही. २०१८ मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पेटीच्या वासात उतरत नाही. एका पेटीला नाक लावलं आणि विक्रेत्याला म्हटलं, "हा कर्नाटकचा." तो मल्याळी होता. खांदे उडवून म्हणाला, "मॅडम, इथे सगळा हापूसच." पुढे सिंधचा आंबा उतरला की तो याहून स्वस्त पडतो, हेही त्यानेच सांगितलं.

अमिरातीत आपली लाखो माणसं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी १९ टक्क्यांहून जास्त एकट्या अमिरातीतून आला, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राकडे गेला, केरळपेक्षाही थोडा अधिक. त्या पैशाने आमच्या गावात चिरेबंदी घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मशिदीला नवी फरशी बसली. माझंही डी.एड. त्यातच झालं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण आज आमच्या बागेत राखणीला नेपाळचा माणूस आहे आणि बागवाल्याचा मुलगा दुबईत दुसऱ्याच्या गोदामाची राखण करतो. पन्नास वर्षं आम्ही तिकडे माणसं पाठवली. माल पाठवायचं मनात यायला जकात शून्य व्हावी लागली.

न्हावा-शेवाहून कंटेनर निघाला की थोड्याच दिवसांत जेबेल अलीला लागतो. गावाहून न्हावा-शेव्याला पोहोचायला मात्र घाट, पाऊस आणि मुंबई-गोवा महामार्गाची खोदाई पार करावी लागते. भाऊ म्हणतो, समुद्राचं अंतर मला धरावंच लागत नाही.

दुसऱ्या खेपेची तयारी मी परत आल्यावर घरीच केली. या वेळी एजंट नाही. मूळ-प्रमाणपत्राचा अर्ज भाचीने ऑनलाइन भरला. तो दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. भावाने अरबी लेबलं छापून पाठवली आणि तारखा जुळवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेच्या वह्या तपासल्यासारखा एकेक डबा तपासला.

अम्मी चष्मा लावून शेजारी बसली होती. कुरआन रोज वाचणारी ती, अक्षरं तिला चटकन लागतात. लेबलवर बोट ठेवून तिने वाचलं, "मान्जो. हे काय?"

फोनवर भावाला विचारलं. म्हणाला, अरबीत आंब्याला असंच लिहितात. मग थांबून म्हणाला, "पण इकडचे जुने लोक हम्बा म्हणतात. आपला आंबाच तो, गलबतातून आलेला."

"मग तेच लिही की," अम्मी म्हणाली.

"म्युनिसिपालिटीत मान्जो नोंदलंय, अम्मी. आता बदललं तर पुन्हा माल अडकेल."

अम्मीने काही क्षण लेबलकडे पाहिलं. "पुन्हा म्हणजे?" तिने विचारलं.

मी खळीचं भांडं जवळ ओढलं आणि डबे चिकटवायला घेतले.