जुनं कॅबिनेट

जळकोटात कॉम्प्युटर घ्यायच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागे: बिघडला तर न्यायचा कुठं? गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. पश्चिमेला नळदुर्ग, अणदूर आणि पन्नासेक किलोमीटरवर सोलापूर. पूर्वेला येणेगूर, उमरगा आणि बरंच पुढं हैदराबाद. या रस्त्याला आधी ९ नंबर होता, आता ६५ आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, त्यामुळं आजोबांच्या पिढीची मोठी कामं हैदराबादकडं तोंड करून चालायची. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, पिढीनं तोंड सोलापूरकडं वळवलं. माझा कॉम्प्युटर मात्र दोन्हीकडून आला. पहिली खरेदी सोलापूरची. नंतरचे बरेचसे सुटे भाग सिकंदराबादच्या पार्कलेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधले. गावातलं कुणी ना कुणी तिकडं कामाला असायचंच, त्याच्या कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून मदरबोर्ड यायचा.

पहिलं मशीन २००३ चं. एमएस-सीआयटीचे वर्ग तेव्हा नुकते तालुक्यांतून खेड्यांपर्यंत पोचायला लागले होते आणि मला रस्त्यालगतच्या एका गाळ्यात डीटीपी सुरू करायचं होतं. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. कंपनीचा कॉम्प्युटर घ्यायचा तर भाव पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात. असेंबल केलेला पंचवीसमध्ये बसत होता. दादा तुरीचे पैसे द्यायला तयार होते, पण त्यांनी भाव विचारला नाही. विहिरीवरची मोटर ते स्वतः खोलत, बुश बदलत, परत बसवत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे खोलता येतंय का?"

सोलापुरात नवी पेठेजवळच्या दुकानात कोटेशन करून घेतलं: सेलेरॉन १.७ गिगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, १५ इंची मॉनिटर, पांढुरक्या रंगाचं कॅबिनेट. विंडोजचं नाव कोटेशनमध्ये नव्हतं; ती कुठून येते हे त्या काळी कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. जोडणारा पोरगा माझ्याहून लहान. घरून फोन आला की तेलुगू, मालकाशी हिंदी, माझ्याशी मराठी. मी काउंटरला टेकून उभा राहिलो तसा तो स्वतःच सांगत गेला. हार्ड डिस्कच्या मागं मोहरीएवढी प्लास्टिकची टोपी असते, ती जंपर; एकाच चपट्या पट्टीवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही लावायचे, तर कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह हे त्या टोपीच्या जागेवरून ठरतं. पट्टीची लाल कड कायम पहिल्या पिनकडं. रॅमच्या खाचा एकाच बाजूनं बसतात, उलटं बसवायचं म्हटलं तरी बसत नाहीत. संध्याकाळच्या एसटीत मॉनिटर मांडीवर होता आणि कॅबिनेट ड्रायव्हरच्या केबिनमागं. गावात उतरेपर्यंत पाय बधिर झालेले, पण त्या पेटीत काय कुठं आहे ते मला पाठ होतं.

ते कॅबिनेट आजही माझ्याकडं आहे, आणि चालू आहे. आत २००३ चं काही उरलेलं नाही.

हे शक्य का होतं, ते समजायला मला बरीच वर्षं लागली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तो घाईत. सगळं घरचं बनवायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि वर आतल्या मंडलांचे नकाशे पुस्तकात छापून विकले. दुसऱ्यांना त्याची नक्कल करायला एकच अडचण उरली, बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यांत आधी चालणारी आज्ञावली. तीही कॉम्पॅकनं वर्ष-दीड वर्षात स्वतःची बायोस लिहून सोडवली. मग तैवानपासून सगळीकडं भाग बनू लागले. पुढं १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं: मदरबोर्डची लांबी-रुंदी इतकी, स्क्रूची भोकं इथं, मागच्या जोडण्यांची चौकट एवढी, वीजपुरवठ्याच्या डब्याचे स्क्रू या जागी. एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्यांनी ही भोकांची जागा तेवढी मान्य केली. माझ्या मते कॉम्प्युटरच्या इतिहासात प्रोसेसरच्या वेगाचं जेवढं कौतुक झालं, त्याच्या शतांशही या भोकांचं झालं नाही. वेग दर दोन वर्षांनी शिळा झाला. भोकं जिथल्या तिथं आहेत, आणि म्हणून सर्व्हिस सेंटर नसलेल्या गावात माझा गाळा चालला.

'असेंबल' म्हटलं की नाक मुरडणारे मात्र भेटत. जणू ओरिजनल असं काही कुठं एका छपराखाली बनतं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यातले ट्रान्सप्युटर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते, बाजारात मिळणारे. त्या चिप एकमेकींशी बोलत्या करायच्या आणि एका कामाला जुंपायच्या, ही अक्कल पुण्याची. माझ्याकडं येऊन "साहेब, असेंबल नको, कंपनीचाच बघा" म्हणणाऱ्यांना मी हे सांगायचो. फरक कुणालाच पडायचा नाही.

त्या पहिल्या मशीनचा खरा वैरी वीज. २००५ नंतरची काही वर्षं खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असे आणि वीज आली की ती सरळ येत नसे. शेतीच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज दीडशेवर, बंद झाल्या की अडीचशेच्या पुढं. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आमच्याकडं खर्चाच्या यादीत कागद आणि शाईच्या शेजारी बसला. तो गेला की मदरबोर्ड गेला हे ओळखायची एक रीत आहे. डबा मदरबोर्डपासून सोडवायचा. त्याच्या मोठ्या जोडणीत वायरींचा गुच्छ असतो: पिवळ्या, लाल, नारिंगी, काळ्या, आणि हिरवी एकच. कागदाला लावायची यू-पिन सरळ करून तिचं एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात आणि दुसरं कुठल्याही काळ्या वायरीच्या भोकात घालायचं, मग बटण दाबायचं. पंखा फिरला तर डब्यात निदान जीव आहे. दोष पुढं शोधा. नाही फिरला तर दुसरा डबा आणा. लग्नसराईत, पत्रिकेचं प्रूफ न्यायला आलेले पाहुणे बाकावर बसलेले असताना, हा पंखा फिरतो की नाही याकडं सगळे मिळून बघत असायचो.

दुसरा त्रास सूक्ष्म होता. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, विशेषतः अनवाणी असताना. लोक म्हणायचे, मशीनला करंट उतरतोय, बदला. करंट उतरत होता हे खरं, पण दोष मशीनचा नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते तो गोंगाट पत्र्यावाटे जमिनीत सोडतात. गाळ्यात तीन भोकांचा सॉकेट होता, पण वरच्या भोकामागं वायरच नव्हती. मागच्या बाजूला खड्डा खणला, पाइप पुरला, भोवती मीठ आणि कोळसा थरांनी भरला, वायर आत ओढली. झिणझिण्या बंद. त्यानंतर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आईनं आपणहून घेतलं. तुळशीला पाणी घालून उरलेलं तिकडं.

मग एक दिवस मशीन चालता चालता अडकायला लागलं. विंडोज परत टाकली, रॅम रबरानं पुसून बसवली, काही नाही. झाकण काढून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या कपॅसिटरांची डोकी सपाट असायला हवीत. त्यांतली तीन-चार फुगून वर आली होती, एकावर तपकिरी खपली. त्या वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांना हा रोग लागला होता. आतल्या द्रावणाचं रसायन चुकलेले कपॅसिटर लाखोंनी बाजारात गेले होते आणि दोन-तीन वर्षांत फुगत होते. नळदुर्गात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडं बोर्ड घेऊन गेलो. त्यानं कॉम्प्युटरचा बोर्ड आयुष्यात प्रथम हातात घेतला होता. पण कपॅसिटरवरचे आकडे वाचून त्यानं मान डोलावली: ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड, धन-ऋण बघून लावायचे. चाळीस रुपये घेतले. तो बोर्ड पुढं २००९ पर्यंत चालला.

नंतरचं भराभर सांगतो. सेलेरॉन गेला, कोअर टू ड्युओ आला. तोही गेला, आय-थ्री आला. डबा मॉनिटर भंगारात गेला. आयडीईच्या चपट्या पट्ट्या जाऊन साटाच्या बारीक केबली आल्या, जंपरचं ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी झालं. हार्ड डिस्क तेवढी मी दर वेळी जपून नव्या बोर्डाला लावली, कारण तिच्यात मराठी फाँट होते आणि युनिकोड रुळेपर्यंत ज्या मशीनवर ते फाँट नाहीत तिथं वधूवरांच्या नावांऐवजी ठिपके-कंस दिसायचे. मोबाइलवर पत्रिका फिरू लागल्यावर डीटीपीही आटलं. गाळा आता पीकविमा, उतारे, ऑनलाइन अर्ज यांवर चालतो. कॅबिनेट मात्र पांढुरक्याचं पिवळसर होत तिथंच.

पुतण्या सोलापुरात इंजिनिअरिंगला लागला आणि त्याला व्हिडिओ एडिट करायची हौस. पौष पौर्णिमेला नळदुर्गाजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. तिचं तासन् तासांचं चित्रण त्यानं करून ठेवलेलं, आणि लॅपटॉपवर ते हलेना. लॅपटॉप मी उघडून बघितला. रॅम बोर्डालाच डागलेली. वाढवायची सोय नाही, बदलायची सोय नाही. दादा असते तर त्यांनी तो विकतच घेऊ दिला नसता.

म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात घरी, सोप्यात चटई टाकून, आम्ही दोघांनी नवं मशीन जोडलं. रायझन ५ ५६०० जी, त्यात चित्रासाठीचा भाग आतच असल्यामुळं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बी ४५० चा बोर्ड, ३२०० वेगाची १६ जीबी रॅम, बोटाएवढी एनव्हीएमई डिस्क. काही ऑनलाइन, काही हैदराबादहून. आजी, म्हणजे माझी आई, दारातून विचारून गेली, "काय करायलात रं दोघं? जेवायचं न्हाई का?"

या प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना असतात, केसाहून थोड्या जाड. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण. सॉकेटवरच्या त्रिकोणाशी तो जुळवायचा, तरफ वर करायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. जागा बरोबर असेल तर तो स्वतःच्या वजनानं आत बसतो. पुतण्याचा हात थरथरत होता. मी त्याला आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगितला. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनच्या कपड्यांवर जमलेली स्थिर वीज चिप मारू शकते. मग तरफ खाली, वर तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, वर पंखा. बोर्ड त्या जुन्या कॅबिनेटमध्ये सरकवला. वीस वर्षांच्या अंतरानं बनलेल्या दोन वस्तू. स्क्रू एकामागून एक सरळ गेले. मागच्या जोडण्यांची पत्र्याची चौकट तेवढी बदलावी लागली. पुढच्या बटणाच्या दोन वायरी, पॉवर एसडब्ल्यू असं लिहिलेल्या, मोबाइलच्या उजेडात नव्या बोर्डाच्या दोन पिनांवर बसवल्या.

बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. जुन्या बोर्डांवर एक 'टीं' वाजायची, म्हणजे सगळं ठीक. आता छोटा स्पीकरच कुणी देत नाही. नवा बोर्ड पहिल्यांदा रॅमच्या वेळा जुळवत बसतो, त्याला अवधी लागतो. "थांब जरा," म्हटलं. बायोसचा पडदा आला तेव्हा आजीनं ताटं वाढली होती.

आता त्याला दोन गोष्टी हव्या आहेत. काचेच्या दाराचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. आणि आणखी रॅम. काचेबद्दल आमचं जमत नाही. खळ्यावर तुरीचं मळणीयंत्र चाललं की गाळ्यापर्यंत धूळ येते, ती काचेआड रोज बघत बसण्यात काय मजा आहे मला कळत नाही. त्याचं म्हणणं, दिसली तर पुसली जाईल. यात तथ्य आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

रॅमचं गणित वेगळंच झालं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं क्रुशल या नावानं सामान्य गिऱ्हाइकाला रॅम विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. घरी जोडणारा माणूस आता त्यांच्या हिशेबात नाही. पुतण्या रोज भाव बघून चिडायचा. शेवटी सोलापुरात कुणी तरी सायबर कॅफे मोडत होतं, तिथून त्यानं ८ जीबीची जुनी पट्टी आणली. कंपनी वेगळी, वेग २६६६. आधीच्या दोन ३२०० च्या. तिसऱ्या खाचेत बसवली, बायोसमध्ये गेलो, तर बोर्डानं तिघींनाही २६६६ वर आणून बसवलेलं. वरती आकडा २४ जीबी. यात्रेचा व्हिडिओ टाकून बघितला. चालतंय.