अमडापूरच्या माथ्यावरील धूळ

चिखलीहून खामगांवकडे निघालें कीं वाटेंत अमडापूर लागतें. बल्लाळदेवीच्या टेकडीवरून पाहावें तों खालीं कपाशी-सोयाबीनचीं शेतें आणि वर पावसानें धुतलेलें आभाळ. तें निर्मळ आहे अशीच कोणाचीही समजूत व्हावी. परंतु पावसाळ्यांत आशिया खंडावर १३ ते १८ किलोमीटर उंचीवर अतिसूक्ष्म कणांचा एक विरळ थर पसरतो, हें २०११ सालीं उपग्रहाच्या मोजणीवरून प्रसिद्ध झालें.

थर दिसला, तो कशाचा, हें मात्र तेथें गेल्यावांचून कळणारें नव्हतें. म्हणून २०१४ पासून इस्रो व नासा यांनीं मिळून फुगे सोडले, त्यांतले कांहीं हैदराबादेस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तळावरून. युक्ति कवडशांतल्या धुळीचीच. पंपानें ओढलेली हवा लेसरच्या किरणांतून जाते, प्रत्येक कण क्षणभर चमकतो. चमका मोजल्या कीं संख्या कळते, तेजावरून आकार. कांहीं उड्डाणांत कण पकडून खालीं आणले, तों त्यांत नायट्रेट निघालें. २०१७ सालीं काठमांडूहून उडालेल्या संशोधन-विमानासही अमोनियम नायट्रेटच आढळलें. आतां अमोनिया येतो तो बहुतांशीं खतांतून आणि गुरांच्या गोठ्यांतून. मोसमी ढग त्याला वर चढवितात. टेकडीखालच्या कपाशीला घातलेल्या युरियाचा अंश त्या थरांत नसेलच, असें कोणीं म्हणावें?

काम आटोपलें कीं हैदराबादच्या मोठ्या फुग्यांचीं यंत्रें रंगीत छत्रीनें उतरतात, तीं कधीं विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांतही. (ज्या जिल्ह्यांत लोणार आहे, त्याला आकाशांतून कांहीं पडल्याचें अप्रूप नसावें!) खरी धास्ती येथेंच असते. २० एप्रिल २००५ रोजीं डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखालीं अशाच फुग्यानें २० ते ४१ किलोमीटरांवरील हवा 16 निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांना तींत जिवाणूंच्या तीन नव्या जाति सांपडल्या. एखादी नळी बांधावरच कुतूहलानें उघडली गेली असती, तर उघडणाऱ्याच्या हातावरचे जंतूच मोजावे लागले असते.

म्हणून उड्डाणाआधीं संस्था जाहीर विनंति करते: पेटीला हात लावूं नये, आंत विजेचा दाब असूं शकतो; जवळच्या पोलीस ठाण्यांत कळवावें. कळविणाऱ्यास खर्च आणि बक्षीस मिळतें.