गिलाव्यातली भांग

वेरूळला कैलास पाहून झालं की बहुतेकांचे पाय बोलायला लागतात. बाराव्या लेण्यापर्यंत, म्हणजे तीन ताल नावाच्या तीन मजली विहारापर्यंत, थोडेच जण पोचतात. आणि पोचलेलेसुद्धा मूर्ती पाहतात, मजले मोजतात, थंड फरशीवर जरा टेकतात. भिंतीवर कुठे कुठे उरलेल्या मातीच्या गिलाव्याकडे कोण पाहणार? मीही पाहिलं नसतं. पण राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांचा एक लेख माझ्या वाचनात आला होता. पहिले पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेतले, दुसरे मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या या लेखात त्यांनी सांगितलं, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहण्यासाठी त्यांनी जालन्याहून आणि दिल्लीच्या आसपासहून ताजी झाडं आणली होती. जुना धागा आणि नवा धागा जुळला.

भांग मातीत मिसळण्यामागचा हिशेब साधा आहे. तंतू मातीला धरून ठेवतात. हवेतली ओल शोषतात आणि परत सोडतात, त्यामुळे पावसाळा-उन्हाळ्याच्या खेचाखेचीत गिलाव्याला तडे कमी जातात. शिवाय कीड तिच्या वाटेला सहसा जात नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली निदान पाव हिस्सा चित्रं किड्यांनी खाल्ली, असं या संशोधकांचं म्हणणं. देवगिरीच्या किल्ल्यातही भांगेचा गिलावा सापडला आहे. म्हणजे हे कुणा एका कारागिराचं डोकं नव्हे. हे इथलं चालत आलेलं काम होतं.

मला गंमत वाटते ती निराळीच. तीन ताल हा बौद्ध विहार. पंचशीलातलं पाचवं शील कसल्याही नशेपासून दूर राहायला सांगतं. ते रोज म्हणणारे भिक्षू ज्या भिंतींच्या आत झोपत-उठत, त्या भिंतींच्या पोटात भांग. यात कुणालाच काही वावगं वाटलं नसावं. माती तुडवणाऱ्या माणसाच्या लेखी ते एक चिवट झाड होतं, बस.

आपल्या घरांमध्ये मात्र तिची ओळख नेहमी बदनामीच्या दारातून झाली. चांगल्या घरात एखादा पोरगा वाया गेला की ‘तुळशीत भांग उगवली’ म्हणत. गावाबाहेरच्या मठीत चिलमीला ओली छापी गुंडाळून बसलेल्या बुवांकडे आम्हा मुलांना फिरकू देत नसत. आणि त्याच घरात महाशिवरात्रीला एखादे काका डोळ्यांत लाली घेऊन अकारण हसत बसलेले असत, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. देवाच्या नावावर खपलं की सगळं खपतं.

वैद्यांनी मात्र तिला फार सांभाळून वापरलं. शार्ङ्गधराने तिची गणना अफूच्या शेजारी केली: पचायच्या आधीच अंगभर पसरणारी द्रव्यं, अशा वर्गात. वापरायची तर आधी शुद्ध करायची. पाण्यात धुवायची ती हिरवं पाणी यायचं थांबेपर्यंत, मग वाळवून तुपावर परतायची. जातीफलादी चूर्णात ती आजही असते, जायफळ, लवंग, वेलदोडा अशा भारदस्त मंडळींत बसलेली. जुन्या अतिसारावर देतात. ही धुण्या-परतण्याची शिस्त मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. द्रव्याच्या अंगातलं किती ठेवायचं आणि किती काढून टाकायचं, हे आधी ठरवायचं, गुणगान नंतर.

१८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने हीच शिस्त वेगळ्या रीतीने पाळली. पंडितांना आणि हकिमांना विचारलं, मधुसूदन गुप्तांसारख्या जाणकारांची मदत घेतली, मग प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग माणसांवर. संधिवात, धनुर्वात, पटकी असे नाना रोगी त्याने पाहिले. त्याच्या टिपणात सगळ्यांत लक्षात राहते ती चाळीस दिवसांची एक तान्ही मुलगी. तिला आकड्यांवर आकड्या येत होत्या. गांजाच्या अर्काचे थेंब देऊन त्या थांबल्या. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानभर तारायंत्राच्या तारा टाकत हिंडला आणि इतिहासात बहुधा त्याचसाठी ओळखला गेला. आकडीची गोष्ट मागे पडली.

मग सरकारला काळजी पडली, की गांजाने लोक वेडे होतात की काय. १८९३ मध्ये लंडनच्या संसदेत प्रश्न आला, आयोग नेमला गेला, त्याने ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी उघडल्या, तर वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ लिहिलेलं, आणि ते बऱ्याचदा रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या माहितीवरून! दुसरं कारण सुचेना, हे लिहून टाकलं. तपासल्यावर त्यातल्या कितीतरी नोंदी टिकल्या नाहीत. बेताने घेणाऱ्याला विशेष अपाय होत नाही, अतिरेक वाईट, सरसकट बंदी नको, असा आयोगाचा निष्कर्ष. अहवाल कपाटात गेला. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने गांजा-चरस बंद केले. पानं आणि बी, शेंड्याचा भाग सोबत नसेल तर, व्याख्येबाहेर ठेवली. त्या फटीतून भांग आजही वाट काढते.

भांगेतल्या सीबीडी या द्रव्याची खरी कहाणी मात्र या कायद्याच्या आधीच एका बसमध्ये घडली. इस्राएलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी संशोधनासाठी पोलिसांकडून पाच किलो जप्त चरस मागून घेतला आणि पिशवीत घालून चक्क सार्वजनिक बसने प्रयोगशाळेत आणला. शेजारचे प्रवासी वास कसला म्हणून विचारत राहिले. त्या पिशवीतून १९६३ साली सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसी या दुसऱ्या द्रव्याची. टीएचसी डोकं फिरवतं. ते मेंदूतल्या ज्या रिसेप्टरना चिकटतं, त्यांना सीबीडी फारसं चिकटत नाही, म्हणून नशा येत नाही. १९८० साली मेशुलाम आणि ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या मोजक्या रोग्यांना ते देऊन पाहिलं. ज्या आठांना मिळालं त्यांतले चार जवळपास झटकेमुक्त झाले. जगाने तीस वर्षं त्याची दखल घेतली नाही, आणि तेवढ्या काळात किती आया मुलांच्या उशाशी जागत बसल्या असतील याचा विचार मला नको वाटतो.

अखेर कोलोरॅडोतल्या शार्लट फिगी या चिमुरडीमुळे २०१३ साली सगळ्यांनी कान टवकारले. तिला ड्रावे सिंड्रोम नावाचा अपस्मार होता, आठवड्याला शेकडो झटके येत. सीबीडी जास्त असलेल्या तेलाने ते विलक्षण कमी झाले. एका मुलीवरून औषध ठरत नाही, म्हणून १२० मुलांवर रीतसर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके सुमारे १२ वरून ६ वर आले. औषध नसलेलं नुसतं द्रावण घेणाऱ्यांचे जवळपास होते तिथेच राहिले. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत एपिडिओलेक्स या सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. चमत्कार नाही, निम्म्यावर येणं आहे. त्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध सोबत असेल तर जास्तच.

डेन्व्हरला असलेल्या माझ्या मावसबहिणीने हल्ली व्हिडिओ कॉलवर मावशीला सीबीडी तेलाची तपकिरी बाटली दाखवली. गुडघ्यांना लाव, जिभेखाली थेंब घे, झोप लागेल, मन शांत होईल. मावशीने चष्मा वर केला. ‘‘भांगेचंच ना ते?’’

‘‘आई, यात नशा नसते!’’

‘‘मग एवढे डॉलर कशाचे?’’

मावशीच्या प्रश्नाने मला आकडेमोडीला लावलं. वीस किलोच्या मुलाला एपिडिओलेक्स देतात ते दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. बहिणीच्या बाटलीत होतं सगळं मिळून १०००. म्हणजे खऱ्या मात्रेत एका लहान मुलाला ती बाटली अडीच ते पाच दिवसांच्या पुढे पुरायची नाही. आणि तिच्यावर सूचना काय, तर रोज दहा थेंब. जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम. एवढ्याशा थेंबांनी गुडघे, झोप, चिंता, त्वचा, सगळ्यांचं एकदम भलं होतं असा पुरावा नाही. त्यातून आत काय आहे याचाही भरवसा कमी: २०१७ साली एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ नमुन्यांपैकी २६ मध्येच लेबलावर लिहिल्याइतकं सीबीडी निघालं, काहींत तर टीएचसीसुद्धा. आपल्याकडेही आता ‘विजया’ नावाने आयुर्वेदिक परवान्यावर तेलं निघाली आहेत. वैद्याची चिठ्ठी असेल आणि वैद्य खरोखर नाडी पाहणारा असेल तर माझी हरकत नाही. पण फोनवर दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते तेव्हा त्या पाण्यात धुऊन तुपावर परतण्याच्या शिस्तीची आठवण येते.

सगळ्यांत समजूतदार नातं मला कुमाऊँ-गढवालमधलं वाटतं. तिथे झाडाच्या सालीचा दोर होतो, पूर्वी अंगावर घ्यायचं भंगेला नावाचं जाडंभरडं कापड व्हायचं, आणि बी जेवणात जातं. उत्तराखंडने २०१८ साली टीएचसी ०.३ टक्क्यांखाली असलेल्या वाणांच्या शेतीला परवाने द्यायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून देशभर मान्यता मिळाली. बियांत नशा जवळपास नसतेच. प्रथिनं आणि चांगली मेदाम्लं भरपूर.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने निम्मं ऐकलं.

‘‘म्हणजे गुडघ्यांचं काही नाही.’’

‘‘थेंबांनी नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस का?’’

‘‘ते राहू दे. बियांची चटणी कशी करतात ते सांग.’’

सांगितली. बी कोरडंच तडतडेपर्यंत भाजायचं, जिरं आणि सुकी मिरची वेगळी भाजायची, मीठ घालून पाट्यावर वाटायचं, पाणी थोडं थोडं, आणि शेवटी लिंबू सढळ हाताने. टरफल दाताखाली येतं, म्हणून डोंगरातल्या बायका वाटण गाळून घेतात. मावशीने मिरची दुप्पट घातली.