आडनाव: आंधळे

आमच्या गावात 'आंधळे' या शब्दाला काही अर्थ नाही. पाथर्डी तालुक्यात पालवे, गर्जे, बडे, ढाकणे तसे आंधळे. "आंधळ्यांची वस्ती कुठंय?" असं कुणी विचारलं तर कुणी हसत नाही, लिंबापासून डावीकडं वळा, एवढंच उत्तर मिळतं. दहावीला माझ्या वर्गात आम्ही तिघं आंधळे होतो आणि त्यातल्या एकालाच चष्मा होता.

या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा ऐकू आला तो पुण्यात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी. हजेरी घेणाऱ्या सरांनी नाव वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "फळ्यावरचं दिसतंय ना रे?" अख्खा वर्ग हसला. पुढची चार वर्षं हाच विनोद वेगवेगळ्या तोंडून ऐकला. प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्यालाच सुचलाय.

मग नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि अर्थ पुन्हा गायब झाला. रोमन लिपीत 'ळ' नाही, त्यामुळे इथं मी कुणासाठी 'अंडाले' आहे, कुणासाठी 'अँडेल'. दहावीच्या सर्टिफिकेटवर सुरुवातीला एक 'ए' आहे, आधारवर दोन, आणि हे दोघं एकच इसम आहेत असं प्रतिज्ञापत्र मी आतापर्यंत दोनदा केलंय. पण हसत कुणी नाही. म्हणजे आमच्या आडनावाची लाज वाटण्याचा एक ठरावीक पट्टा आहे. तालुक्याची हद्द संपली की तो सुरू होतो आणि मराठी संपली की संपतो. दुर्दैवाने आमचं बहुतेक आयुष्य याच पट्ट्यात जातं.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे दादा. तो पुण्यात असतो, त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. तिला शाळेत घालायच्या आधी त्याला आडनाव बदलायचंय. शासनाच्या राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, नाव बदलल्याची जाहिरात देता येते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. घरात कॉम्प्युटरवाला मी, म्हणून अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं.

काम आलं म्हणून वाचायला लागलो. मराठी आडनावांचं गणित मजेशीर आहे. गावावरून आलेली 'कर'वाली सगळ्यांना माहीत असतात, पण त्यातली गंमत अशी की गावाचं नाव माणसाला गाव सोडल्यावरच चिकटतं. पाथर्डीत राहणाऱ्याला पाथर्डीकर कोण कशाला म्हणेल? तिथं सगळेच पाथर्डीचे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही कामावरून पडलेली. आणि मग उरतात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेली: टकले, बहिरे, लांडगे, एकबोटे, सातपुते. आमच्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, दहातोंडे आहेत. स्वतःहून कुणी स्वतःला दहातोंडे म्हणवून घेत नाही. ते नाव दुसऱ्यानेच ठेवलेलं असणार, बहुधा वाद घालून दमलेल्या माणसाने.

जपानची गोष्ट मला कामामुळे कळली. आमचा एक क्लायंट तिकडचा आहे. ओळखीच्या पहिल्या कॉलवर त्यांच्याकडच्या एका बाईंनी आपलं आडनाव कुठल्या चित्राक्षरांनी लिहितात ते समजावून सांगितलं. तिकडे हे नेहमीचं आहे, कारण तोच उच्चार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो. मेइजी राजवटीने १८७० मध्ये सामान्य लोकांना आडनाव लावायची परवानगी दिली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचंच केलं. सातो, सुझुकी अशी काही आडनावं पोत्याने सापडतात, पण काही अगदी विरळ आहेत आणि ती कोड्यासारखी असतात. 'ताकानाशी' या उच्चाराचा अर्थ 'ससाणा नाही'. लिहिताना मात्र अक्षरं येतात 'लहान पक्षी खेळतात' अशी. ससाणा नसेल तर चिमण्या खेळणारच! 'वातानुकी' असंच आहे. लिहायचं 'चार महिना, एक तारीख', वाचायचं 'कापूस काढणे', कारण जुन्या पंचांगात त्या दिवशी थंडीच्या कपड्यांतला कापूस काढून टाकत. आपल्याकडे याच्या उलट. आपलं आडनाव ऐकताक्षणी कळतं, कोडं वगैरे काही नाही. ते तोंडावर मारल्यासारखं येतं.

त्या बाईंनी मग मला विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं, ज्याला दिसत नाही तो. त्यांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि उच्चार दोनदा करून बघितला. जपानीत 'ल' आणि 'र' यांच्यात फरक नाही, 'ळ' तर लांबच. त्यांच्या तोंडून आलं, "आंदारे." अंधारे हेही मराठी आडनावच आहे! दादाला म्हटलं, तिकडे आपण बिनगॅझेटचे बदललो. त्याला हसू आलं नाही.

आंधळे कुठून आलं याच्या आमच्या घरात दोन गोष्टी आहेत. चुलते सांगतात, आपला पूर्वज अंधारातही बैलांचा तांडा अचूक हाकायचा, म्हणून लोक कौतुकाने आंधळा म्हणत. ही मला नंतर रचलेली वाटते. पुण्यात शिकायला गेलेल्या कुणीतरी रचली असावी. अण्णांची गोष्ट साधी आहे: त्या माणसाला देवी आल्या आणि त्याचे डोळे गेले. देवीच्या रोगाने पूर्वी किती जणांचे डोळे जायचे ते बघितलं तर हीच खरी असण्याची शक्यता जास्त.

पण मग मी त्या माणसाचा विचार करायला लागलो. डोळे गेले, तरी त्याचं लग्न झालं असणार किंवा झालेलं टिकलं असणार. पोरं झाली, ती जगली, त्यांनी घर बांधलं. नाहीतर ते टोपणनाव त्याच्याबरोबरच संपलं असतं. आडनाव व्हायला मागे घर उरावं लागतं. आणि व्याकरण बघा. एकटा होता तोवर तो आंधळा होता. काळा-काळे, गोरा-गोरे, तसं आंधळा-आंधळे. ज्या गावाने त्याला एकवचनात नाव ठेवलं, त्याच गावाने त्याच्या घराला अनेकवचन दिलं. आपल्याकडे मान द्यायचा असला की आपण अनेकवचनच लावतो.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "हे सगळं तू बालवाडीतल्या पोरांना सांगायला येणार आहेस का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. वर्गात हसू माझं झालं होतं, त्याचंही झालं होतं, आणि ती पोरगी आत्ता तीन वर्षांची आहे.

दादाला 'कर'वालं आडनाव हवंय. त्याचं कारण त्याने सांगितलं नाही, पण मला कळतं. महाराष्ट्रात "आडनाव काय?" हा प्रश्न बऱ्याचदा जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो, आणि 'कर' लागलं की विचारणाऱ्याला पटकन अंदाज येत नाही. भाड्याने खोली शोधताना हे उपयोगी पडतं.

अण्णांनी विरोध केला नाही, याचंच आश्चर्य वाटलं. ते एवढंच म्हणाले, "बदल. पण सातबाऱ्यावर आंधळेच आहे. उद्या वारसाची नोंद लावायला तलाठ्याकडं तूच जायचं." मग थोडं थांबून, "जिल्ह्याचं नाव बदललं तर यष्टीत लोक अजून नगरच म्हणत्यात."

ते खरंच आहे. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. कागदावर रुळलं, पण कंडक्टरच्या तोंडी 'नगर, नगर' चालूच आहे. दादा गावी गेला तर कुठलंही आडनाव लावून जावो, लिंबापाशी बसलेली माणसं त्याला आंधळ्यांचा थोरला असंच म्हणणार. तिथं त्याला त्याचं काही वाटणारही नाही.

अर्ज माझ्या लॅपटॉपवर अर्धा भरून पडलाय. जुनं नाव टाकलंय. नव्या नावासाठी वहिनीने तीन पर्याय पाठवलेत, त्यातले दोन मला आवडले नाहीत, हे मी कळवलेलं नाही. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात बदलाचं कारण लिहावं लागतं. दादा म्हणतो, 'वैयक्तिक' लिही. येत्या रविवारी तो बंगळुरात येतोय, मुलीलाही आणतोय. ती सध्या स्वतःचं पूर्ण नाव सांगायला शिकलीय आणि फोनवर रोज सांगते. 'ळ' तिला अजून म्हणता येत नाही.