मोबाईलचा हिशेब

पिंगळीसारख्या गांवींही मोबाईल आतां चैनीची वस्तु राहिली नाहीं; शेतकऱ्यास बाजारभाव व विद्यार्थ्यास पाठ त्यावर मिळतात. परंतु तो घेतांना यंत्राच्या चकाकीकडे सर्वांचें लक्ष जातें, रिचार्जकडे थोड्यांचेंच. यंत्राची किंमत एकदां द्यावयाची, सेवेची वारंवार.

पुष्कळ योजनांचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो. २८ ला १३ नें गुणिलें असतां ३६४ होतात. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. २०२२ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें प्रत्येक कंपनीस निदान एक ३० दिवसांची योजना ठेवावयास लाविलें. दोहोंच्या किंमतीस दिवसांनीं भागून पाहावें, म्हणजे स्वस्त कोणती तें कळेल. घरीं व शेतांत कोणाची रेंज पोंचते, हें शेजाऱ्यांस विचारावें. सेवा न पटल्यास २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलतां येते.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असा दाखला प्रभु येशूनें दिला आहे. मुलांनो, कापसाच्या पैशावर बियाण्याचा व धाकट्या भावंडांच्या वह्यापुस्तकांचाही हक्क आहे. म्हणून वडिलांजवळ मोबाईल मागण्यापूर्वीं वर्षाचा हा हिशेब कागदावर मांडून त्यांस दाखवा, इतकेंच आमचें सांगणें आहे.